उशाशी बसलेला डॉक्टर

(वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि ग्रामीण भागात दवाखाना चालविणारे डॉक्टर यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



माझ्या मागे पडद्यावर जे चित्र दिसते आहे, ते आपल्यापैकी काहींच्या परिचयाचे असेल. चित्राचे नाव अगदी साधे आहे : 'द डॉक्टर'. चित्रकार ल्यूक फाइल्ड्स. १८९१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते प्रथम मांडले गेले आणि आज ते लंडनमधील टेट ब्रिटन या कलादालनाच्या संग्रहात आहे. मूळ चित्र साडेपाच फूट उंच आणि जवळजवळ आठ फूट रुंद आहे. त्याच्यासमोर उभे राहणाऱ्याला आपण त्या खोलीच्या उंबरठ्यावर येऊन थबकलो आहोत असे वाटावे, एवढा त्याचा आकार.

आधी चित्र नीट पाहून घेऊ. खेड्यातील एका कष्टकरी कुटुंबाची ही एकुलती एक खोली. मध्यभागी एक लहान मूल निजले आहे. त्याला पलंग नाही. दोन खुर्च्या समोरासमोर जोडून, त्यांवर उशी टाकून ही तात्पुरती शय्या केलेली आहे. आणि त्या दोन खुर्च्याही एका जोडीच्या नाहीत. मुलाचा एक हात बाहेर लोंबतो आहे, तळवा वर. शेजारच्या मेजावर दिवा आहे. त्याची झडप तिरकी केलेली आहे, कारण उजेड मुलाच्या तोंडावर पडायला हवा. त्याच मेजावर औषधाची बाटली, पेला आणि चमचा. डावीकडे डॉक्टर बसला आहे. हनुवटी हातावर टेकलेली, शरीर पुढे झुकलेले, दृष्टी मुलावरून हलत नाही. मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, आई दुसऱ्या मेजावर डोके टाकून पडली आहे. बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे, पण तो बायकोकडे पाहत नाही, मुलाकडेही पाहत नाही. तो डॉक्टरकडे पाहतो आहे. डॉक्टरच्या चेहऱ्यावर काही उमटते का, एवढेच त्याला पाहायचे आहे. आपल्यापैकी ज्यांनी कधी अशा घरात रात्र काढली असेल, त्यांना बापाची ही नजर ओळखीची वाटेल. आणि उजवीकडच्या खिडकीतून फिकट उजेड आत येऊ लागला आहे. रात्र सरली आहे.

या चित्राविषयी एक कथा पुष्कळदा सांगितली जाते. व्हिक्टोरिया राणीच्या डॉक्टरने तिच्या एका सेवकाच्या मुलाची शुश्रूषा केली आणि प्रसन्न होऊन राणीने हे चित्र काढवून घेतले, अशी ती कथा. कथा गोड आहे, पण खरी नाही. चित्र काढवून घेतले ते हेन्री टेट यांनी. हे साखरेचे व्यापारी. साखरेच्या चौकोनी वड्यांच्या धंद्यात त्यांनी अपार धन मिळविले आणि राष्ट्राला एक कलादालन दिले. विषय कोणता घ्यायचा, हे त्यांनी चित्रकारावर सोपविले होते. फाइल्ड्स यांनी हा विषय निवडला, त्याला कारण होते. १८७७ च्या नाताळच्या सकाळी त्यांचा पहिला मुलगा फिलिप वारला. त्या आजारपणात मरे नावाचे डॉक्टर ज्या रीतीने मुलाच्या उशाशी बसत, ते चित्रकाराच्या मनातून गेले नाही. मूल गेले, तरी त्या डॉक्टरविषयीची कृतज्ञता उरली. माझ्या मते या चित्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. बरे केल्याबद्दल डॉक्टरचे आभार सगळेच मानतात. ज्याच्या हातून आपले मूल वाचू शकले नाही, त्याचे चित्र काढावेसे वाटणे, ही वेगळी गोष्ट आहे.

आता हे चित्रकार कोण, हेही थोडक्यात सांगायला हवे. फाइल्ड्स यांचा जन्म १८४३ चा, लिव्हरपूलचा. त्यांचा सांभाळ केला आजीने, आणि ही आजी म्हणजे मेरी फाइल्ड्स. १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकारासाठी जमलेल्या लोकांवर घोडदळ घालण्यात आले, त्या सभेच्या व्यासपीठावर असलेली धीट बाई. अशा घरात वाढलेल्या मुलाने दारिद्र्याकडे डोळेझाक केली नाही, यात नवल नाही. १८६९ च्या डिसेंबरात 'द ग्राफिक' या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात त्यांचे बेघर, उपाशी माणसांचे चित्र छापले गेले. ते पाहूनच चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या अखेरच्या कादंबरीच्या चित्रांचे काम या तरुणाकडे दिले. पुढे १८७४ साली तोच विषय त्यांनी मोठ्या कॅनव्हासवर रंगविला. थंडीच्या रात्री निवाऱ्याच्या चिठ्ठीसाठी रांगेत कुडकुडणारी माणसे. ते पाहण्यास एवढी गर्दी लोटली की चित्राभोवती कठडा उभारावा लागला.

म्हणजे वास्तववाद हा या चित्रकाराचा स्वभाव होता, आणि 'द डॉक्टर'साठी त्यांनी तो कष्टाने सांभाळला. किनाऱ्यावरील कोळ्यांची घरे पाहून रेखाटने केली, आणि मग लंडनमधल्या आपल्या चित्रशाळेत त्या घराची एक खोलीच उभी केली. भिंती, छपराच्या तुळया, खिडकी, सगळे खऱ्या मापाचे. एका खिडकीतून येणारा पहाटेचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळा उजेड यांची गाठ कोठे पडते, हे कल्पनेने रंगवायचे नाही, डोळ्यांनी पाहूनच रंगवायचे, हा त्यांचा आग्रह.

डॉक्टर मंडळींना मी आता एक प्रश्न विचारतो. या चित्रातला डॉक्टर नेमके काय करतो आहे?

वरवर पाहता काहीच नाही. त्याच्या हातात नळी नाही, तो नाडी धरीत नाही, औषध पाजीत नाही. आणि लक्षात घ्या, हे १८९१ साल आहे. स्टेथोस्कोप येऊन पाऊणशे वर्षे झाली आहेत. खिशात मावणारा तापमापक १८६७ पासून आहे. कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवून दिला आहे. रोग ओळखण्याची साधने आली आहेत, रोग हटविण्याची मात्र जवळजवळ नाहीत. घटसर्पावरील प्रतिविष १८९४ च्या सुमारास सर्रास वापरात आले. सल्फा औषधांना अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षे आहेत, पेनिसिलिन रुग्णापर्यंत पोहोचायला पन्नास. मेजावरच्या त्या बाटलीत जे काही असेल, त्याने मुलाला थोडा आराम पडत असेल. रोगावर त्याची सत्ता नाही, हे या डॉक्टरला आपल्याइतकेच ठाऊक आहे.

चित्रात आजाराचे नाव लिहिलेले नाही. पण अशा वयात, असा ताप, अशी रात्र, म्हटल्यावर बहुतेक जाणकार फुप्फुसाच्या ज्वराकडे, म्हणजे न्यूमोनियाकडे बोट दाखवितात. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात या आजाराची एक ठरलेली चाल असे. ताप सहासात दिवस चढता राहायचा आणि मग सातव्या ते नवव्या दिवसाच्या आसपास निर्णायक घटका यायची. काही तासांत घाम फुटून ताप उतरला, श्वास संथ झाला, तर रोगी वाचला. नाही तर नाही. पहाट ही दुखण्यांतली निर्णायक वेळ, आणि तिच्याबरोबर आईबापांच्या मनात पुन्हा आशा येते, असे चित्रकाराचे स्वतःचेही म्हणणे होते. खिडकीतला उजेड म्हणून आलेला आहे. ती सजावट नव्हे.

तेव्हा डॉक्टर काय करतो आहे? तो पाहतो आहे. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली खळगा पडतो का, ओठांचा रंग कसा आहे, श्वास मिनिटाला किती. आपल्या आयुर्वेदात रोगपरीक्षेची तीन अंगे सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. त्यांत दर्शन पहिले. विद्यार्थी मित्रांनी हे ध्यानात घ्यावे की आजच्या बालरोगशास्त्रातही मुलाला हात लावण्यापूर्वी दुरून त्याचा श्वास मोजायला शिकवितात, कारण हात लागला की मूल रडते आणि मोजणी फसते. चित्रातल्या डॉक्टरने अंतर ठेवले आहे ते याच शहाणपणाने, असे मी म्हणणार नाही. चित्रकाराला रचना साधायची होती. तरी ते अंतर बरोबर आहे एवढे खरे.

या चित्राचे वैद्यकीय जगाने अफाट स्वागत केले. एका ब्रिटिश शल्यविशारदाने लगेच पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना सांगितले की आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा लोकांच्या मनात वाढविण्याचे जे काम ग्रंथांच्या राशीने झाले नसते, ते या एका चित्राने केले. त्याच्या कोरीव छापाच्या प्रती देशोदेशी गेल्या. आणि येथूनच या चित्राची दुसरी, काहीशी खटकणारी कहाणी सुरू होते.

मी मघाशी वास्तववाद म्हटले. खोली खरी आहे, खुर्च्या खऱ्या आहेत, उजेड खरा आहे. पण मला सांगा, या डॉक्टरचे पैसे कोण देणार? त्याचा पोशाख पाहा. हा सुस्थितीतला, नावाजलेला गृहस्थ दिसतो. १८९१ च्या इंग्लंडमधील मजुराच्या झोपडीत असा माणूस रात्रभर बसत असे काय? गरिबाच्या वाट्याला येई तो बहुधा पुअर लॉ खाली नेमलेला डॉक्टर. तुटपुंज्या पगारावर पंचवीस गावे फिरणारा, आणि औषधाचा खर्चही पुष्कळदा त्याच पगारातून भागविणारा. किंवा मजुरांनी आठवड्याला काही पेनी वर्गणी भरून चालविलेल्या मंडळाचा डॉक्टर. त्यांतही जीव ओतणारी माणसे होती, यात शंका नाही. पण एका मुलासाठी सारी रात्र देण्याइतकी उसंत त्यांना क्वचितच मिळत असणार. फाइल्ड्स यांनी आपल्या सुखवस्तू घरात येणाऱ्या डॉक्टरची निष्ठा उचलली आणि ती एका गरिबाच्या झोपडीत नेऊन ठेवली. ज्या चित्रकाराने १८७४ साली निवाऱ्याच्या रांगेतील माणसे इतक्या निर्दयपणे खरी रंगविली, त्याने येथे जे असायला हवे होते ते रंगविले. टेट यांनी त्याला ३,००० पौंड दिले. या रकमेत त्या झोपडीतल्या माणसासारख्या मजुराची कितीतरी दशकांची मजुरी बसली असती.

मी चित्राला खोटे म्हणत नाही. आदर्श रंगविणे हा गुन्हा नव्हे. आपल्या परंपरेत तर आदर्शाचे चित्र समोर ठेवूनच माणसे घडविली गेली. पण आदर्श आणि वस्तुस्थिती यांतला फरक विसरला की त्या आदर्शाचा वापर कोणीही करू शकतो. तसेच झाले. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एका औषध कंपनीने हे दृश्य शिल्परूपाने उभे केले. १९४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शताब्दीनिमित्त अमेरिकेने तीन सेंटचे टपाल तिकीट काढले, त्यावर हेच चित्र. आणि १९४९ साली, अध्यक्ष ट्रूमन सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना पुढे रेटीत असताना, त्याच असोसिएशनने तिच्याविरुद्ध मोठी प्रचारमोहीम उघडली. तिच्या भित्तिपत्रकांवर हेच चित्र छापलेले होते, आणि मजकूर असा की या चित्रात राजकारण आणू नका. म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मध्ये सरकार नको. योजना बारगळली.

सरकारी विम्याच्या बाजूने वा विरुद्ध बोलण्याचे हे स्थान नाही. दोन्हीकडे शहाणी माणसे आहेत. पण चित्र नीट पाहिलेल्या माणसाच्या मनात एक शंका येतेच. या झोपडीतल्या बापाला कोणी विचारले असते, की बाबा, तुझ्या मुलाच्या आजारपणाचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा की तुझा तू पाहावास, तर त्याने काय उत्तर दिले असते? त्याच्या नावाने मोहीम चालली, पण त्याला विचारायचे राहून गेले. आजही आपल्याकडे आपण हे चित्र दाखवून म्हणतो, पूर्वीचे डॉक्टर पाहा, आणि आताचे पाहा. ही तुलना मला अन्यायाची वाटते. बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शेकडा रुग्ण तपासणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरला या चित्राने हिणवू नये. त्याच्यापाशी निष्ठा नाही असे नाही, त्याच्यापाशी ती खुर्ची नाही.

आता चित्रातल्या ज्या व्यक्तीकडे कोणी फारसे पाहत नाही, तिच्याकडे पाहू. ती आई. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या चौघांवर चिकित्सा उभी राहते. चित्रात वैद्य आहे, रुग्ण आहे, औषध नावापुरते आहे. परिचारक कोठे आहे? ती मागे अंधारात, मेजावर डोके टाकून. डॉक्टर केव्हा आला ते आपल्याला माहीत नाही, पण त्याच्या आधीच्या सहासात रात्री कोण जागले, हे सांगायला नको. ओल्या घड्या कोणी बदलल्या, चमच्याने पाणी कोणी पाजले? चित्रकाराने तिला दुःखाची मूर्ती केले. तिला त्या रात्रीच्या कामात वाटा दिला नाही.

फिलिप फाइल्ड्स वारला त्याच्या आगेमागेच, आपल्याकडे कल्याणला, चौदा वर्षांच्या एका मातेचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. ती माता म्हणजे आनंदीबाई जोशी. लंडनच्या बापाने पुढे चित्र काढले. कल्याणच्या आईने मेजावर टेकलेले डोके उचलले, सातासमुद्रांपलीकडे पेन्सिल्व्हानियाला जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी घेतली आणि ती पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक झाली. काळाने तिला सेवेची संधी दिली नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, ती गेली.

आणि शंभर वर्षांनी याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, त्या चित्रातली मांडणी पालटण्याचा प्रयोग झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली. झोपडी तीच, दोन उजेडांमधली रात्र तीच, न्यूमोनियाने धापा टाकणारे बाळही तेच. फक्त डॉक्टर तेथवर पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी पाहण्याची विद्या गावातल्या माणसांनाच दिली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचा पन्नास किंवा अधिक, त्याहून मोठ्याचा चाळीस किंवा अधिक, तर ते धोक्याचे लक्षण. ज्यांना एवढे मोजता येत नसे, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असे साधे साधन केले. लक्षण दिसले की तोंडाने द्यायचे औषध तेथल्या तेथे सुरू. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा निबंध १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित महिला घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. हा निबंध १९९९ चा. २०११ पासून केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने हीच पद्धत देशभर नेली. या बायका चित्रातल्या आईच्या शेजारीण असाव्यात अशा आहेत. त्या उशाशी बसतात आणि मोजतात. पण ते दृश्य कोणी आठ फुटी कॅनव्हासवर रंगविल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि ते रंगवावे इतके ते देखणे आहे.

शेवटी चित्रकाराच्या घराविषयी थोडेसे. ल्यूक फाइल्ड्स पुढे राजघराण्याचे चित्रकार झाले, १९०६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९२७ मध्ये ते वारले. फिलिप गेला त्यानंतर चार वर्षांनी, १८८२ साली, त्यांना पॉल नावाचा मुलगा झाला. पॉल नऊ वर्षांचा असताना त्याच्या घरच्या चित्रशाळेत ती खोटी झोपडी उभी होती आणि वडील तिच्यात दिव्याचा उजेड जमवीत होते. हा पॉल डॉक्टर झाला, पण उशाशी बसणारा नव्हे. तो जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेला. १९३० च्या दशकात सल्फा औषधे आली आणि १९३८ पासून न्यूमोनियाचे रोगी त्यांनी उठून बसू लागले. पण ही औषधे जंतूला नेमके काय करतात, हे कळत नव्हते. १९४० साली पॉल फाइल्ड्स आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड वुड्स यांनी ते उलगडले : जंतूला वाढीसाठी जे द्रव्य लागते, त्याच्याच रूपाचे हे औषध आहे, ते त्या द्रव्याची जागा अडवून बसते आणि जंतूची वाढ खुंटते. पुढच्या कितीतरी औषधांचा शोध या तत्त्वावरून झाला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना पोर्टन डाऊन येथे जंतुयुद्धाच्या विभागाचे प्रमुख नेमले, आणि तेथे त्यांनी अँथ्रॅक्सवर काम केले, हेही लपविण्याचे कारण नाही. १९७१ साली ते वारले.

आता दिवे लावू या. मागच्या रांगेतील विद्यार्थ्यांनी पुढे यावे आणि खिडकीतला उजेड अगदी जवळून पाहावा. पडद्यावर तो फिका दिसतो आहे. त्यानंतर प्रश्न घेऊ.